पोरीचं कॉलेज सुटायला लागलं, की आधी काय करायचं

उत्तर नागपुरात मी अकरावी-बारावीला शिकवलं. दर उन्हाळ्यात निकाल लागला की काही मुली दिसेनाशा व्हायच्या, आणि त्यांत चांगले मार्क मिळवलेल्याही असायच्या. त्यांच्या घरी जाता-येता जे कळलं ते लिहिते आहे. शेजारीण, मावशी, शिक्षिका, थोरली बहीण, जिला एखाद्या मुलीसाठी उभं राहायचं आहे तिच्यासाठी.

शिक्षणाचं महत्त्व सांगत बसू नका. ते त्या घराला ठाऊक असतं. मुलाच्या ट्यूशनची फी तिथूनच भरली जाते. आधी हे शोधा की मुलगी सकाळपासून रात्रीपर्यंत घरातलं काय काय करते, आणि ती कॉलेजात गेली तर ते कोणाच्या अंगावर पडणार. पाचपावलीतल्या एका घरी वडील म्हणाले, "जमाना खराब आहे बाई, पोरीले कुठं पाठवता." मी मुलीला तिचा दिवस विचारला. आई पहाटेच दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करायला जायची. पाणी भरणं, धाकट्याचा डबा, अंथरुणावरच्या आजीची आंघोळ, सगळं हिच्याकडे. जमान्याचा काही संबंध नव्हता. ती गेली असती तर घर चाललंच नसतं. मग आम्ही त्या कामांबद्दलच बोललो. आजीची आंघोळ आई परतल्यावर. पाणी आणि डबा नववीतल्या भावाकडे. तो कुरकुरला, तेव्हा त्याची आई म्हणाली, "तिनं दहावीच्या वर्षी भरलं पाणी, तू नववीत भर." हे वाक्य बाहेरच्या माणसाला बोलता येत नाही. आईलाच बोलावं लागतं, म्हणून आईशी आधी एकटीशी बोलून घ्या.

दुसरं, होकार कोणाचा चालतो ते बघा. एकत्र घरात वडील समोर बसून मान डोलावतात, पण शब्द मोठ्या बाबांचा (वडिलांच्या थोरल्या भावाचा) नाहीतर आजीचा असतो. पुरुष कामावर गेलेले असताना दुपारी जा आणि आजीजवळ बसा. शिकता न आल्याची सल बऱ्याच आज्यांच्या मनात असते. त्यांना त्यांच्याबद्दल विचारा, नातीचा विषय त्याच काढतील. आमच्या वस्त्यांमध्ये मी जाईबाई चौधरींचं नाव आवर्जून घेते. कामठी-नागपूर रस्त्यावर डोक्यावर ओझी वाहणारी ही बाई. एका मिशनरी बाईनं तिला शिकवलं, ती शिक्षिका झाली. ती अस्पृश्य म्हणून शाळेतल्या मुलांच्या पालकांनी विरोध केला आणि नोकरी गेली, तेव्हा 1922 मध्ये तिनं नागपुरात मुलींसाठी स्वतःची चोखामेळा शाळा काढली. 20 जुलै 1942 ला याच शहरात हजारो स्त्रियांच्या परिषदेत बाबासाहेबांनी मुलांना शिकवा आणि लग्नाची घाई करू नका असं सांगितलं. घरात बाबासाहेबांचा फोटो असेल तर हे भाषण त्या फोटोसमोर बसून सांगा. मी सांगितलं आहे, आणि ऐकणारे ताठ बसले आहेत.

पूर्ण पदवीची परवानगी एकदम मागू नका. एका वर्षाची मागा. हे मला मनातून पटत नाही, मुलाला कोणी वर्षावर्षाची परवानगी देत नाही. पण दारात अडलेली मुलगी आत जायला हवी असते, आणि पहिलं वर्ष पास झालेल्या मुलीला घरी बसवणं घरालाही जड जातं.

जाण्यायेण्याचं कारण खरं असतं, ते हसण्यावारी नेऊ नका. काटोल, कळमेश्वर, उमरेडकडून येणाऱ्या मुलीचा शेवटचा तास आणि शेवटची बस जुळत नसेल तर घरचे तिला थांबवणारच. प्रवेशाआधी वेळापत्रक विचारा. एकाच गावच्या दोघी-तिघींचा प्रवेश एकाच कॉलेजात करा. गावातून शाळेत येणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, आणि मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. नागपूर महापालिकेची 'आपली बस' ही शहर बससेवा यात येत नाही, हे आधीच सांगून ठेवा.

पैशाचं बोलणं कागद हातात घेऊनच करा. 2024-25 पासून इंजिनीअरिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत कॅप राउंडनं, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत हवं. साध्या बी.ए.ला हे लागू होईल असं समजून बसू नका. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलीला वसतिगृह मिळालं नाही, तर स्वाधार योजनेत राहण्या-जेवणाचे पैसे मिळू शकतात. अर्ज निकालानंतर करू म्हणाल तर अडकाल. जात पडताळणीला वेळ लागतो, त्याचा अर्ज बारावीतच कॉलेजमार्फत टाका. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमिलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला), डोमिसाईल जून उजाडायच्या आत काढा, नंतर सेतूत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी केंद्रात, पाय ठेवायला जागा नसते. बँक खातं मुलीच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं असू द्या.

स्थळ आलं असेल तर भांडू नका, बैठकीत बसा. मुलगी 18 च्या आतली असेल तर मात्र बोलणी कसली. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, नातं दुखावलं तरी चालेल. वयात बसत असेल तर साक्षगंधाआधीच (साखरपुड्याआधीच) परीक्षेच्या तारखा चार माणसांसमोर सांगून लग्नाची तारीख त्यानंतरची धरा. "लग्नानंतर शिकवू" हे मोघम बोलणं घेऊ नका. कोणता कोर्स, फी कोण भरणार, बाळंतपण आलं तर परीक्षेला कोण नेणार, हे मुलाकडच्यांच्या तोंडून वदवून घ्या. नवरा मुलगा समोर हवा. रोज कॉलेजला जाणं जमणार नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू आहे.

सासरी जाताना मुली दागिने मोजून नेतात आणि मार्कशीट माहेरच्या पेटीत विसरतात. दहावी-बारावीची मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला तिच्या बॅगेत स्वतः ठेवा, डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप, तिच्याच मोबाईलवर उघडून द्या. आधारवरचं नाव प्रवेश होईपर्यंत बदलू नका. मार्कशीटवर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की खिडकीवरून परत पाठवतात. लग्नाची नोंदणी करून प्रमाणपत्र घ्या, दोन नावं जुळवायला तेच दाखवावं लागतं. जातीचा दाखला लग्नानंतरही वडिलांच्या कागदांवरच निघतो, म्हणून त्यांच्या टीसीची झेरॉक्सही सोबत द्या. आणि या सगळ्याचा एक संच तुमच्याकडे ठेवा. चार-पाच वर्षांनी, पोर अंगणवाडीत जायला लागल्यावर, तिचा फोन येऊ शकतो.