फायबर घातलं म्हणजे काँक्रीटला आगीची भीती नाही? या चुका टाळा

तंतू टिकला तरच त्याचा उपयोग, असं आपण धरून चालतो. आगीत पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या तंतूचं (फायबरचं) नेमकं उलटं होतं. हा तंतू साधारण 165 अंश सेल्सिअसला वितळतो आणि त्याचं वितळणंच कामी येतं. काँक्रीटमधलं पाणी वाफ होऊन आत कोंडतं, दाब वाढतो आणि वरचे पापुद्रे फटाफट उडतात. तंतू वितळले की त्यांच्या जागी केसासारख्या वाटा उरतात, वाफ तिथून निसटते. जास्त ताकदीचं काँक्रीट अंगाने घट्ट, म्हणून ते जास्त उडतं. ‘भारी ग्रेड (जास्त ताकदीचा वर्ग) घेतला, चिंता मिटली’ हा हिशेब इथे फसतो. अशा काँक्रीटसाठी युरोपीय बांधकाम संहितेने दर घनमीटरला 2 किलोपेक्षा जास्त बारीक पॉलिप्रॉपिलीन तंतूंचा पर्याय दिला आहे. तडे सांधायचे जाड प्लास्टिक तंतू त्या जागी चालत नाहीत.

पोलादी तंतू तडे धरून ठेवतात, वाफेला वाट देत नाहीत. म्हणून दोन्ही मिसळतात. पण 400 ते 500 अंशांदरम्यान सिमेंटमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड फुटतं, 573 अंशांना खडीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं. तंतूंना पकडणारी सिमेंटची पेस्टच भुसभुशीत झाली, तर पोलाद धरणार कशाला?

साइटवरची नेहमीची चूक: तंतू वाढवले की माल ताठरतो, मग कुणीतरी पाण्याचा पाइप लावतं. ताकद जाते आणि वाफेला खुराक मिळतो. माल सैल करायचा तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, वापरा.

चाचणीत काँक्रीटचा ओला क्यूब (नमुन्याचा ठोकळा) भट्टीत घालून भराभर तापवू नका. दार बंद असलं तरी आतून धाडकन आवाज येतो आणि दार उघडलं की नुसता चुरा. आणि थंड झाल्यावर लगेच यंत्रात दाबून ताकद बघून ‘पास’ही म्हणू नका. उष्णतेने तयार झालेला चुना हवेतली ओल पिऊन फुगतो, तडे नंतरही वाढतात. काही आठवड्यांनी पुन्हा तपासा.

आग लागून गेलेल्या भिंतीवर थेट प्लास्टर चढवणं तर सगळ्यात वाईट. आधी हातोडीने ठोका. खणखणीत वाजण्याऐवजी बद्द आवाज आला, तर तो भाग सुटलेला. गुलाबी छटा दिसली तर तिथे 300 अंशांच्या वर तापलं असावं, पण हे खडीवर अवलंबून, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. कोअर (भिंतीतून ड्रिलने कापलेला गोल नमुना) काढून भिंगाखाली बघा: प्लास्टिक तंतूंच्या जागी जिथवर रिकामी भोकं दिसतात, तिथवर 165 अंश पोचले होते.