गाडी हवी, पाट्या टाकणं नको: रेसिंग सिममधलं ग्राइंडिंग आटोक्यात कसं आणावं

रेसिंग सिम, म्हणजे खऱ्या ड्रायव्हिंगची नक्कल करणारा व्हिडिओ गेम, खेळायला तासभर मोकळा मिळालेला असतो आणि मनात एक ठरावीक गाडी असते. ती गॅरेजात नसते, शोरूममध्ये उभी असते आणि तिच्याखाली किंमत असते: २ कोटी क्रेडिट्स, म्हणजे खेळातले पैसे. मग ते कमवायला सुरू होतं तेच. तीच रेस, तोच ट्रॅक, तीच वळणं, घाण्याच्या बैलासारखं. खेळणारे याला ग्राइंडिंग म्हणतात. पाट्या टाकणं म्हटलं तरी चालेल.

ते शून्यावर आणता येत नाही, पण बरंच कमी करता येतं. उदाहरणं मी मुख्यतः ग्रॅन तुरिस्मो ७ ची घेतो, कारण या विषयावरचं सगळ्यात मोठं भांडण त्याच खेळावर झालं.

१. किंमत क्रेडिट्समध्ये वाचू नका, तासांत वाचा

फ्रान्समधल्या ल माँ ट्रॅकवरची ३० मिनिटांची ७०० पीपीची (पीपी म्हणजे गाडीच्या क्षमतेचे गुण) रेस घ्या. पहिले आलात की साडेपाच लाख क्रेडिट्स. कुणाला आणि कशाला न धडकता पूर्ण केलीत तर क्लीन रेस बोनस म्हणून त्याच्या निम्मे आणखी, म्हणजे एकूण ८ लाख २५ हजार. २ कोटींच्या गाडीसाठी अशा २५ रेस लागतात, म्हणजे साडेबारा तास. मेन्यूत घालवलेला वेळ वेगळा.

हा आकडा कागदावर लिहा. साडेबारा तास त्या गाडीसाठी द्यायचे आहेत का, याचं उत्तर बहुतेक वेळा लगेच येतं, आणि निम्म्या वेळा ते 'नाही' असतं. 'हो' असेल तर निदान किती उरलंय ते कळतं. माझ्या मते खरा वैताग रेसपेक्षा शेवट न दिसण्याचा असतो.

अपडेट आलं की हे गणित पुन्हा करा. मार्च २०२२ मध्ये याच खेळाने अनेक रेसची बक्षिसं कापली. त्याच सुमारास सर्व्हर ३० तासांहून जास्त बंद राहिले आणि खेळणारे भडकले. निर्माते काझुनोरी यामाउची यांना माफी मागावी लागली. प्रत्येकाला १० लाख क्रेडिट्स फुकट मिळाले आणि एप्रिलमध्ये बक्षिसं वाढली. ओरडण्याचा उपयोग होतो, एवढं त्यातून नक्की दिसलं.

२. वेगापेक्षा बोनस सांभाळा

वरचंच गणित बोनसशिवाय करून पाहा: २५ ऐवजी ३७ रेस, साडेअठरा तास. सहा तासांचा फरक, आणि तो फक्त बंपर न लागण्याचा.

हे मी फटका खाऊन शिकलो. ल माँलाच मिनिटभराची आघाडी होती आणि शेवटचा लॅप उरला होता. हवामानाच्या रडारवर निळा पट्टा सरकत येताना दिसत होता. पिटमध्ये जाऊन पावसाचे टायर घालायचे सोडून मी 'एकच तर लॅप आहे' म्हणत स्लिक्सवर, म्हणजे कोरड्या रस्त्याच्या गुळगुळीत टायरवर, बाहेर राहिलो. पॉर्श कर्व्ह्ज नावाच्या वळणांत मागची चाकं निसटली आणि भिंतीला अगदी हलकं टेकलो. पहिला आलो तरी पावणेतीन लाख गेले. पिट स्टॉपला त्यातलं काहीच गेलं नसतं, आघाडी होतीच.

म्हणून पहिल्या दोन लॅपमध्ये घुसाघुशी करू नका. संगणकाच्या गाड्या वळणात अचानक लवकर ब्रेक मारतात, त्यांच्या शेपटीला चिकटू नका. ओव्हरटेक ल माँच्या मुल्सान नावाच्या लांब सरळ रस्त्यावर करा, तिथे जागाच जागा आहे. आणि ढग आला की पिटमध्ये या.

३. आधी फुकटचं उचला

लायसन्स टेस्ट, खेळातल्या कॅफेतली मेन्यू बुक्स (नेमून दिलेल्या कामांच्या याद्या), सर्किट एक्सपीरियन्स (ट्रॅक तुकड्या-तुकड्याने शिकवणारा भाग). यांत गाड्या आणि क्रेडिट्स दोन्ही मिळतात, आणि ट्रॅक पाठ होतो तो वेगळाच. हे अर्धवट सोडून ग्राइंडिंगला बसणारे खूप असतात. दिवसाला ४२ किलोमीटर चालवलं की मिळणारं रूलेट तिकीट, म्हणजे नशिबावरचं बक्षीस, घ्या, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे ऑनलाइन टाइम ट्रायल, एकट्याने वेगवान लॅप मारायची स्पर्धा. जगातल्या अव्वल वेळेच्या ३ टक्क्यांच्या आत आलात तर सुवर्ण आणि २० लाख. ५ टक्क्यांच्या आत रौप्य आणि १० लाख. ३ टक्के ऐकायला भयंकर वाटतात, पण दोन मिनिटांच्या लॅपमध्ये ते ३.६ सेकंद होतात. रोज खेळणाऱ्याला एका संध्याकाळी ते जमू शकतं, आणि तेवढ्यात ल माँच्या दोनहून जास्त रेसची कमाई होते. शिवाय इथे तुम्ही खरोखर गाडी चालवत असता.

४. प्रत्येक रेसला एकच काम द्या

ग्राइंडिंग करायचंच असेल तर हातांना शिकायला काहीतरी द्या. एका रेसमध्ये फक्त इंधन: इंधन किती जळावं ते ठरवणारा फ्युएल मॅप १ वरून काटकसरीच्या ४ वर आणा, गिअर लवकर बदला, सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेकच्या थोडं आधी पाय उचला. किती लॅप जादा निघाले ते पाहा. एक पिट स्टॉप वाचला तर तीस-चाळीस सेकंद हातात येतात. पुढच्या रेसमध्ये फक्त ट्रेल ब्रेकिंग, म्हणजे वळणात शिरतानाही ब्रेक हळूहळू सोडत जाणं. त्याच्या पुढच्या रेसमध्ये स्क्रीनवरची ब्रेकिंगची खूण बंद करून.

एका बैठकीत दोन रेस, फार तर तीन. चौथीत लक्ष उडतं, आणि बोनस नेमका तिथेच जातो.

५. कुलूप कशाला आहे ते ओळखा

सगळी कुलुपं क्रेडिट्सची नसतात. २०२३ च्या फोर्झा मोटरस्पोर्ट या खेळात गाडी विकत घेतली तरी तिचे सुटे भाग त्या गाडीची लेव्हल वाढल्याशिवाय मिळत नव्हते. म्हणजे गाडी बदलली की पुन्हा श्रीगणेशा. लोकांनी इतकी नाकं मुरडली की मार्च २०२४ च्या अपडेटमध्ये भाग क्रेडिट्सने घेता येऊ लागले. अशी रचना दिसली तर सरळ एकाच गाडीला धरून राहा.

आयरेसिंग या ऑनलाइन सिमचं कुलूप वेगळं आहे. तिथे रुकी या नवख्यांच्या लायसन्सपासून वरच्या लायसन्सला जायचं तर सेफ्टी रेटिंग लागतं, म्हणजे इतरांना न ठोकता चालवून दाखवावं लागतं. तासन् तास बसून ते मिळत नाही. हे कुलूप मला रास्त वाटतं. मात्र तिथे वर्गणी भरावी लागते आणि बहुतेक गाड्या-ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात, हे आधीच धरून चाला.

६. दोन आडवाटा टाळा

खऱ्या पैशांनी क्रेडिट्स घेऊ नका. एकदा घेतले की पुढची प्रत्येक गाडी पैशांत मोजायची सवय लागते. आणि रात्रभर आपोआप रेस मारणाऱ्या स्क्रिप्ट्स लावू नका. खातं धोक्यात घालायचं, तेही न खेळण्यासाठी?

७. विकत घेण्याआधी दुसरीकडे चालवून पाहा

ही पायरी खरं तर पहिली असायला हवी होती. असेटो कॉर्सा (२०१४), असेटो कॉर्सा कॉम्पेटिझिओने (२०१९), ऑटोमोबिलिस्टा २ (२०२०) या सिममध्ये गाडी कमावून उघडावी लागत नाही. खेळ घेतला की त्यातल्या गाड्या पहिल्या मिनिटापासून तुमच्या. जादा पॅक विकत घ्यावे लागतात, ते सोडा.

माझ्या यादीत सगळ्यात वर मॅक्लारेन एफ१ जीटीआर होती. १९९५ साली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेली, मागे बीएमडब्ल्यूचं व्ही१२ इंजिन, ड्रायव्हरची सीट मधोमध. महिनाभर तिच्यासाठी क्रेडिट्स साठवत होतो. मग एका रविवारी असेटो कॉर्सामध्ये तीच गाडी काढली. ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारं एबीएस नाही, चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल नाही. दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल जरा जास्त दाबला आणि गवतात उलट तोंड करून उभा राहिलो. पुढची चाळीस मिनिटं तेच चाललं होतं. आवाज अप्रतिम, पण रोज चालवायला ही माझी गाडी नव्हे. वहीतून तिचं नाव खोडलं आणि साठवलेल्या क्रेडिट्समध्ये मध्यम किमतीच्या तीन गाड्या घेतल्या. त्यातली एक अजून रोज चालवतो.