शांघायमध्ये पोट ताळ्यावर आलं ते असं

नोकरीसाठी शांघायला आलो आणि दोन महिन्यांत पोटाने असहकार पुकारला. रात्री दहाला जेवण, वर फ्रीजचं पाणी. सकाळी पोट नगारा.

शेजारच्या आयींनी (इथे मावशीला 'आयी'च म्हणतात, ऐकून बरं वाटतं) मला बागेत ओढत नेलं. तिथे 'बादुआनजिन', आठ हालचालींचा व्यायाम. तिसरी हालचाल प्लीहा-जठरासाठी: एक तळवा आभाळाकडे रेटायचा, दुसरा खाली दाबायचा, मग हात बदलायचे. बरगड्यांखालचा ताण नेमका कळतो.

घरी आलं की कोमट पाणी आणि 'श्याओमी चोऊ', म्हणजे चक्क राळ्याची पेज! सकाळी सात ते नऊ ही जठराची वेळ, हे चिनी वैद्यकाचं गणित मला पटलेलं नाही. पण रात्रीचं जेवण सातला आणलं आणि तीन आठवड्यांत ढेकर थांबले. खरं श्रेय बहुधा त्यालाच.