पहिला ट्रे भरण्याआधी

हायड्रोपोनिक चाऱ्याची, म्हणजे मातीशिवाय ट्रेमध्ये दाणे उगवून केलेल्या हिरव्या चाऱ्याची, माहिती देणारे बहुतेक जण फॉगरपासून (पाण्याचं धुकं उडवणाऱ्या यंत्रापासून) सुरुवात करतात. सोलापूरकडच्या कोरड्या हवेत ते ठीक. आपल्या गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांत दमट हवा फुकट मिळते, कमतरता असते ती वाऱ्याची. म्हणून फॉगरआधी एक्झॉस्ट पंख्याचे पैसे बाजूला काढा. ट्रेचा रॅक छताच्या पत्र्याला चिकटून नको, मे महिन्यात वरचा थर शिजतो. ट्रेला भोकं हवीत आणि एका बाजूला किंचित उतार. पाणी साचलं की संपलंच.

मका आणताना पेरणीचं गुलाबी बियाणं घेऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि इथे जनावर मुळासकट दाणाही खातं. बाजारातला साधा मका घ्या, पण पोतं उचलण्याआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पंच्याऐंशीच्या आत मोड आले तर ते पोतं नको. न उगवलेला दाणा कुजतो आणि शेजारच्यांनाही घेऊन जातो. फुटके दाणे निवडून बाजूला काढा, भिजवताना तरंगतील ते काढून टाका. माझा पहिल्याच जुलैतला अख्खा रॅक काळा पडला होता. कारण हेच, निवडायचा कंटाळा केला.

भिजवायला पिंप, मोड आणायला स्वच्छ गोणपाट. साधारण बारा ते चोवीस तास भिजवणं, एक दिवस गोणपाटात, मग ट्रेमध्ये एक-दीड सेंटिमीटरचा थर. त्याहून जाड थर आतून तापतो.

पोषक द्रावणाची घाई नको. पहिले तीन-चार दिवस कोंब दाण्यातल्या शिदोरीवरच वाढतो, आणि एवढ्या छोट्या पिकात द्रावणाने फार फरक पडत नाही. घालायचंच तर चौथ्या दिवसापासून पातळ करून, शेवटच्या दिवशी नुसतं पाणी. त्याआधी पाणी मात्र तपासा. उपनगरांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी खारट निघू शकतं, त्यात आणखी क्षार ओतून काय मिळणार?

हिशेब कागदावर मांडा. किलोभर मक्यातून आठवड्याभरात पाच-सहा किलो चारा निघतो. म्हशीमागे रोज दहा किलो धरले तर रोज दोन किलो मका भिजवावा लागेल. हे वाढलेलं वजन पाण्याचं, कोरडा अंश उलट थोडा घटतो. त्यामुळे कडबा-पेंढा बंद करण्याचा विचार असेल तर तो आधीच सोडा. पहिल्या दिवशी हा चारा दोन किलोच द्या, कुट्टीत मिसळून.

कुबट वास आला किंवा काळे-हिरवे ठिपके दिसले तर तेवढाच भाग कापून बाकीचा गव्हाणीत टाकायचा मोह होतो. अख्खा ट्रे फेका. रिकामा ट्रे ब्लीचिंगच्या पाण्याने घासून, साध्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवायचा. पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस सुकत नाही, म्हणून ट्रेंचा एक जादा संच आत्ताच घेऊन ठेवा.