गंजी मोडण्याआधी हडंब्याच्या पट्ट्याचा जोड पाहावा

वाशिम, यवतमाळ, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत सोयाबीनची सोंगणी (कापणी) जोरात आहे, वावरावावरांत कापलेल्या मालाच्या गंज्या उभ्या राहिल्या आहेत आणि परतीचा पाऊस अजून पूर्ण गेलेला नाही. अशा दिवसांत मळणीचा खोळंबा ज्या कारणाने होताना वर्षानुवर्षे पाहण्यात येतो, ते कारण हडंब्याच्या, म्हणजे मळणी यंत्राच्या, पट्ट्याच्या जोडात असते. गंजीवरची ताडपत्री काढलेली असते, मजूर माल ओढून देत असतात आणि जोड सुटून पट्टा जमिनीवर पडतो. तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत दुपार टळते आणि सायंकाळी आभाळ भरून येते. उघडी गंजी भिजली की शेंगांत दाणा फुगतो, त्याची साल सुरकुतते, बुरशी धरते, पुन्हा ऊन पडल्यावर शेंगा तडकतात आणि उरलेला माल ‘डागी’ ठरवून भाव पाडून मागितला जातो. चार महिन्यांच्या पिकाचे हे नुकसान वीतभर जोडाकडे न पाहिल्यामुळे होते, म्हणून बाकीची कामे येथे यादीपुरती ठेवली आहेत.

मळणीची नेहमीची कामे:
– ९५ टक्के शेंगा तपकिरी झाल्यावर सोंगणी. उशीर केल्यास शेंगा फुटतात.
– गंजी उंचवट्यावर, भोवती चर, वर ताडपत्री.
– मळणीच्या वेळी दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा.
– बियाण्यासाठी हडंब्यातील ड्रमचे (शेंगा फोडणाऱ्या फिरत्या पिंपाचे) फेरे: ओलावा १४ टक्के असल्यास मिनिटाला ४०० ते ५००, १३ टक्के असल्यास ३०० ते ४००.
– साठवणुकीपूर्वी ओलावा १२ टक्क्यांच्या आत. पोत्यांची थप्पी ७ फुटांपेक्षा उंच नको.
– पावसाच्या अंदाजासाठी ‘मेघदूत’, विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप रोज पाहावे.

आता जोडाविषयी. मोटरीवर किंवा ऑइल इंजिनावर चालणाऱ्या हडंब्याला बहुधा रबर चढवलेल्या कॅनव्हासचा सपाट पट्टा असतो आणि त्याची दोन टोके दातेरी क्लिपा व मधली पिन, चामड्याची वादी किंवा नटबोल्टची पट्टी यांपैकी एखाद्या रीतीने जोडलेली असतात. मिनिटाला १,४४० फेऱ्यांच्या मोटरीवर ४ इंची आणि ड्रमवर १२ इंची पुली असेल, तर ड्रमला ४८० फेरे मिळतात आणि २० फुटांचा पट्टा मिनिटाला सुमारे ७५ वेळा फिरतो. दहा तासांच्या मळणीत हे ४५ हजार फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात जोड दोन पुल्यांवरून वाकत असल्यामुळे त्याला ९० हजार वेळा वाकावे लागते. पट्ट्याचे बाकीचे अंगही तितकेच वाकते, परंतु ते सलग असते. जोडापाशी मात्र कॅनव्हास कापलेला असतो, त्याला भोके असतात आणि सगळा ताण त्या भोकांच्या कडांवर येतो. त्यातही ४ इंची पुली लहान असल्यामुळे तिच्यावर वाक अधिक तीव्र बसतो आणि जाड नट लावलेली पट्टी तेथे सरळच राहू पाहत असल्याने तिच्या मागचे थर उकलतात. म्हणून नटबोल्टची पट्टी मोठ्या पुल्यांपुरती ठेवावी आणि लहान पुली असलेल्या हडंब्याला बिजागरीप्रमाणे वाकणारी पिनची क्लिप किंवा वादी वापरावी.

जोड एकाएकी जात नाही. आधी कापलेल्या टोकाशी सुताचे धागे बाहेर येतात, मग भोके पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने लंबुळकी होतात, क्लिपेचा एखादा दात उचलला जातो, पिन मधोमध झिजून कंबरेत बारीक होते आणि शेवटी कडेचे दोन-तीन दात सुटून पट्टा तिरपा फाटतो. मळणीच्या आदल्या दिवशी मोटरीचा मेन स्विच बंद करून, पट्टा पुलीवरून उतरवून, जोड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी उलटा वाकवून पाहिल्यास यातील प्रत्येक खूण दिसते. पिन बाहेर काढून तिच्यावरून नख फिरवावे. खाच लागली तर पिन बदलावी, कारण झिजलेली पिन क्लिपेची कडीही कापत जाते. पिन पुलीच्या रुंदीबाहेर डोकावत नाही ना, आणि तिची दोन्ही टोके सरकणार नाहीत अशी वळवलेली आहेत ना, हेही त्याच वेळी पाहावे.

चालत्या पट्ट्याचा आवाज ऐकण्याची सवय असावी, असे येथे सांगावेसे वाटते. त्याला पुस्तकाचा आधार नाही, पण अनुभवाचा आहे. चांगला जोड पुलीवरून जाताना एकसारखा, हलका टक् असा वाजतो. तो आवाज दुहेरी झाला किंवा मध्येच चटका बसल्यासारखा येऊ लागला, तर एखादा दात उचलला गेला आहे असे समजून हडंबा थांबवावा.

धागे सुटलेले किंवा भोके ताणलेली आढळली, तर त्याच भोकांत नवी क्लिप ठोकून उपयोग नाही. दोन्ही टोके घट्ट, सलग थरांपर्यंत मागे कापून घ्यावीत. येथे सर्वांत मोठी चूक होते ती नजरेने कापण्याची. सुतारी गुण्या लावून, पट्ट्याच्या कडेशी काटकोनात रेघ आखून, धारदार सुरीने एका दमात कापावे. टोक सूतभर (इंचाचा आठवा भाग) जरी तिरपे गेले, तरी जोडाची एक बाजू अधिक ओढली जाते, पट्टा प्रत्येक फेऱ्यात डावीउजवीकडे झोके घेतो आणि ताण धरणाऱ्या बाजूचे दात आधी सुटतात. नवीन पट्टा घेतला असेल तर तो चालून लांबतो हे ध्यानात घेऊन जुने मिस्त्री मोजलेल्या लांबीतून फुटामागे एक सूत कमी धरतात. २० फुटांना हे अडीच इंच होते, आणि मोटर रुळांवर पुढेमागे सरकवण्याची सोय असेल तर हा हिशोब बरोबर बसतो.

वादीने जोडताना भोके सुरीच्या टोकाने किंवा तापलेल्या सळईने पाडू नयेत. सुरीची चीर ताणाखाली पुढे फाटत जाते आणि सळईने भोकाभोवतालचे रबर व सूत जळून ठिसूळ होते. गोल पंच घेऊन वादी जेमतेम जाईल एवढीच भोके पाडावीत, दोन ओळींत पाडावीत आणि एकमेकांसमोर न घेता मागेपुढे घ्यावीत, म्हणजे एकाच रेषेत पट्टा दुबळा होत नाही. पुलीला लागणाऱ्या बाजूला वादीचे टाके पट्ट्याच्या लांबीशी समांतर, सरळ असावेत आणि तिरपे किंवा एकमेकांवरून जाणारे टाके नेहमी बाहेरच्या बाजूला ठेवावेत, कारण पुलीकडे आलेला आडवा टाका पुलीवर घासून काही तासांत तुटतो. क्लिप वापरायची असल्यास ती पट्ट्याच्या जाडीप्रमाणे आणि लहान पुलीच्या मापाप्रमाणे निवडावी; दुकानात जी हाताशी असेल ती घेऊन येऊ नये. दात दोन्ही बाजूंनी सारख्या ठोक्यांनी बसवावेत.

जोड बसल्यावर टोकांचे संरक्षण करावयाचे असते आणि हेच काम बहुतेक जण सोडून देतात. रबर वरून चढवलेले असते. कापलेल्या टोकाशी मात्र आतले सूत उघडे पडते आणि तेथून दव, पावसाचे शिंतोडे व कुटाराची (भुश्शाची) ओल थरांत शिरते. सूत भिजून फुगते, वाळून आकसते आणि या ओढाताणीत क्लिपेची पकड सैल होते. म्हणून क्लिप लावण्यापूर्वी दोन्ही कापलेल्या टोकांना सायकलच्या पंक्चरसाठी वापरतात त्या रबर सोल्युशनचे दोन हात द्यावेत, पहिला पूर्ण वाळू द्यावा आणि नंतर दुसरा द्यावा. जोडाच्या मागून येणाऱ्या टोकाचे दोन्ही कोपरे अगदी थोडे तिरपे छाटावेत, म्हणजे पट्टा कधी कडेला सरकलाच तर तो कोपरा गार्डात (पट्ट्यावरच्या संरक्षक आवरणात) किंवा फ्रेममध्ये अडकून जोड उचकटत नाही. वादीच्या जोडाखाली पुलीच्या बाजूने जुन्या ट्यूबची पातळ पट्टी चिकटवणारे काही मिस्त्री आहेत. त्याने वादी कमी झिजते असे दिसते, परंतु पट्टी जाड झाली तर पट्टा त्या जागी उसळतो, तेव्हा हा उपाय बेताने करावा.

पट्टा घसरू लागला की दुकानदार बेल्ट वॅक्स किंवा बेल्ट ड्रेसिंगचा डबा पुढे करतो, आणि तो उपलब्ध नसेल तर गावात राळ, डांबर किंवा गुळाचे पाणी लावले जाते. या चिकट वस्तूंनी पट्टा घटकाभर पकडतो, मग त्यावर सोयाबीनची लव आणि धूळ बसून कडक, चकचकीत थर तयार होतो, घसरण वाढते, पट्टा तापतो आणि तापलेले रबर आधी जोडाशी तडकते. ऑइल, ग्रीस आणि डिझेल यांनी रबर फुगते, म्हणून पुसण्यासाठीदेखील ती वापरू नयेत. ओल्या फडक्याने पुसून पट्टा सावलीत वाळवावा. घसरण होते त्यामागे बहुधा ओला माल, एकदम कोंबलेल्या पेंढ्या, सैल पट्टा किंवा वाकड्या पुल्या यांपैकी एखादे कारण असते आणि त्यांतील एकाचाही इलाज डब्यात नाही. पुष्कळदा पट्टाच बदला असाही आग्रह होतो. नवा पट्टा हजारांत जातो, आणि जुन्याचे थर घट्ट असून केवळ टोके झिजलेली असतील तर तो खर्च टाळता येतो. मधल्या अंगाला आडव्या भेगा पडल्या असतील किंवा थर सुटून फुगे आले असतील, तर मात्र पट्टा काढून टाकावा.

घसरण थांबवण्यासाठी मोटर मागे ओढून पट्टा तारेसारखा ताणणे हाही जोडावरचा अन्यायच होय, कारण भोके ताणली जातात आणि बेअरिंगवरही भार येतो. दोन्ही पुल्यांच्या कडांना सुतळी ताणून त्या एका रेषेत आहेत की नाहीत ते पाहावे, आणि शक्य असेल तेथे पट्ट्याची ओढणारी बाजू खाली व सैल बाजू वर राहील अशी मोटरीची मांडणी करावी. त्यामुळे पट्टा पुलीला अधिक वेढा घालतो आणि कमी ताणात काम होते. ड्रम रिकामा असताना हडंबा सुरू करून पूर्ण गती आल्यावरच माल घालावा. शेतीची वीज रात्रपाळीत मिळते तेथे लाइट जाऊन परत आल्यावर भरलेल्या ड्रमवरच मोटर सुरू केली जाते आणि त्या हिसक्याने चांगलाही जोड निखळतो; आधी ड्रम मोकळा करावा. नव्या जोडाचे दात पहिल्या दिवसाच्या मळणीनंतर पुन्हा एकदा ठोकून घ्यावेत.

ज्यांचा हडंबा ट्रॅक्टरच्या पीटीओवर (यंत्राला फिरकी देणाऱ्या मागच्या दांड्यावर) चालतो, त्यांच्या यंत्रात पंख्याला व चाळणीला व्ही-बेल्ट (पाचरीच्या आकाराचे पट्टे) असतात आणि ते अखंड असल्यामुळे वरील पुष्कळसे त्यांना लागू होत नाही. तुटलेला व्ही-बेल्ट हुक घालून जोडण्याचा प्रकार फक्त पाऊस तोंडावर असताना गंजी आटोपण्यापुरताच करावा.

उचललेला दात पदर, धोतर किंवा दुपट्टा ओढून घेतो. मळणी यंत्रांवरील अपघात इतके होते की १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला आणि त्यात शक्तिचलित मळणी यंत्रांचा समावेश केला. तरीही पट्ट्यावरचे गार्ड काढून बाजूला ठेवलेले हडंबे दिसतात. गार्ड लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नये, चालता पट्टा हाताने किंवा पायाने पुलीवर चढवू नये आणि जोडाकडे पाहण्यासाठी यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय वाकू नये.

सोयाबीन आटोपल्यावर हडंबा तुरीपर्यंत उभा राहतो आणि पट्टा ताणलेल्या स्थितीत पुल्यांवरच दव खात पडतो. दाण्याच्या वासाने उंदीरही त्याच्या कडा कुरतडतात. त्यापेक्षा पिन काढून पट्टा सोडवावा, पुसून सैल गुंडाळी करावी आणि खिळ्यावर न टांगता गोल लाकडावर, उन्हापासून दूर ठेवावी. काढलेली पिन व चार-सहा जादा क्लिपा त्याच गुंडाळीला कापडात बांधून ठेवल्यास जानेवारीत तुरीच्या मळणीच्या वेळी त्यांच्यासाठी तालुक्याला जावे लागत नाही.