ग्रॅनोला घरी करण्याआधीची तयारी

ग्रॅनोला करायला घेण्याआधी पाहायची पहिली गोष्ट म्हणजे ऋतू. ओट्स, फल्लीदाणे, तीळ, जवस आणि गूळ एकत्र भाजून कुरकुरीत करणे एवढेच हे काम आहे, आणि तो कुरकुरीतपणा हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून असतो. विदर्भात होळीनंतर मृगापर्यंत हवा इतकी कोरडी असते की परातीत पसरलेले मिश्रण तासाभरात खडखडीत होते. आषाढ-श्रावणात मात्र तेच मिश्रण डब्यात जाईपर्यंत चिकट होऊ लागते, म्हणून पावसाळ्यात करायचे झाल्यास निम्म्याच मापाने करावे. उन्हाळ्यात एक पथ्य पाळावे लागते. ज्या खोलीत कूलर चालू असेल, त्या खोलीत ग्रॅनोला निवायला ठेवू नये, कारण कूलरची हवा गार असली तरी ओली असते.

त्यानंतर सामान. चार-पाच जणांच्या घराला तीन-चार दिवस पुरेल असा घाणा करायचा तर 300 ग्रॅम ओट्स, 100 ग्रॅम फल्लीदाणे, प्रत्येकी 30 ग्रॅम तीळ व जवस, 40 ग्रॅम सोललेल्या कोहळ्याच्या (लाल भोपळ्याच्या) बिया, 40 ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, 120 ग्रॅम गूळ, चार मोठे चमचे तेल आणि अर्धा लहान चमचा मीठ एवढे काढून ठेवावे. यातले ओट्स सोडले तर बाकी सारे गावातच किंवा आठवडी बाजारात मिळते. ओट्स तालुक्याच्या किराणा दुकानातून आणताना पाकिटावर ‘रोल्ड’ असे लिहिले आहे ना, हे पाहून घ्यावे. झटपट शिजणारे बारीक ओट्स गुळाच्या पाकात पडताच मऊ होतात आणि त्यांचा भुगा होतो, तर मसाला घातलेले पाकीट या कामाला मुळीच चालत नाही.

ओट्स मिळाले नाहीत म्हणून बेत रद्द करण्याचे मात्र कारण नाही. 1863 मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात डॅन्सव्हिल येथे डॉ. जेम्स केलेब जॅक्सन यांनी या पदार्थाचा जो पूर्वज तयार केला, तो कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचा होता; ओट्स त्यात नंतर आले. आपल्याकडे ज्वारीच्या लाह्या आहेत, आणि माझ्या मते निम्म्या ओट्सच्या जागी लाह्या घातलेला ग्रॅनोला निव्वळ ओट्सच्या ग्रॅनोलापेक्षा हलका आणि अधिक चवदार लागतो. लाह्या वजनाला हलक्या पण आकाराने मोठ्या असल्याने 150 ग्रॅम ओट्सऐवजी 75 ग्रॅम लाह्या पुरतात. त्या आधी चाळून न फुटलेले दाणे वेगळे करावेत. एखादा राहिला तर दाताखाली येतोच.

फल्लीदाणे निवडण्यात घाई करू नये. ओल लागलेल्या शेंगांच्या दाण्यांवर बुरशी येते आणि तिच्यातून तयार होणारे विष भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही, म्हणून काळवंडलेला, सुरकुतलेला किंवा कडवट दाणा सरळ टाकून द्यावा. जवस नव्या हंगामाची असावी. तिच्यातले तेल लवकर खवट होते, आणि तिचा एक खवट वास सगळा डबा बिघडवतो. ती तडतडेपर्यंत भाजून जाडसर कुटून घ्यावी, कारण अख्खी जवस बहुधा न पचताच बाहेर पडते. चारोळी मेळघाट-गडचिरोलीकडच्या घरांत सहज असते. ती मूठभर घातली तर बदामाची आठवणही होत नाही. वाळवलेली मोहफुले असतील तर आतले केसर झाडून ती कोरडीच थोडी शेकावीत आणि मनुकांप्रमाणे अगदी शेवटी घालावीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री येतात, तेव्हा सालीचा फक्त वरचा नारिंगी पापुद्रा काढून उन्हात वाळवून ठेवावा, कारण आतला पांढरा भाग कडू लागतो.

तेल घाण्याचे फल्लीतेल असल्यास उत्तम; तूपही चालते. गूळ आदल्या दिवशीच चिरून, खडे-काड्या पाहून ठेवावा. मधाचा उपयोग करणार असाल तर एक वर्षाच्या आतील बाळाला तो ग्रॅनोला देऊ नये.

चुलीवर किंवा गॅसवर करणाऱ्यांनी पाकाचा एक भेद आधीच ध्यानात घ्यावा. ओव्हन असेल तर गूळ, तेल आणि दोन चमचे पाणी नुसते वितळवून घेतले तरी पुरते, कारण उरलेले पाणी ओव्हनमध्ये उडते: 150 अंश तापमान, साधारण अर्धा तास, आणि मध्ये दोनदा हलवणे. कढईत मात्र ते पाणी आधी पाकातूनच आटवावे लागते. त्यासाठी पाकाचा थेंब वाटीतल्या गार पाण्यात टाकल्यावर त्याची मऊ गोळी वळली पाहिजे; याच्या फार पुढे गेलात तर चिक्की होईल. गुळाचा पाक कोणासाठी थांबत नसल्यामुळे तो चढवण्याआधी ओट्स, दाणे, तीळ, बिया आणि खोबरे वेगवेगळे भाजून एका परातीत एकत्र केलेले असावेत, मीठ त्यातच मिसळलेले असावे, आणि पाण्याची वाटी व लांब दांड्याचा सराटा हाताशी असावा. कढई जाड बुडाची, घाण्याने निम्मीही भरणार नाही एवढी मोठी घ्यावी. पाक ओतल्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटे सतत हलवत राहिले की मिश्रण सुटे होते. लाह्या वापरत असाल तर त्या आच बंद करण्याच्या बेतात घालाव्यात.

विजेच्या ओव्हनवर करणाऱ्यांनी गावातली वीज जाण्याची वेळ विचारात घ्यावी. मध्येच वीज गेली तर ताट बाहेर न काढता दार बंदच ठेवावे आणि फार वेळ लागला तर उरलेले कढईत पूर्ण करावे.

निवण्यासाठी तेलाचा हात फिरवलेले मोठे ताट आधीच मांडून ठेवावे. गठ्ठे हवे असतील तर गरम असतानाच वाटीच्या बुडाने दाबून पूर्ण निवेपर्यंत हात लावू नये. सुटा हवा असेल तर अधूनमधून हलवावा. मनुका, मोहफुले आणि संत्र्याची साल निवल्यावरच मिसळावीत. डबा धुतल्यावर उन्हात तासभर वाळवलेला असावा, त्याचे झाकण घट्ट असावे, आणि आत कोमट ग्रॅनोला कधीही भरू नये, कारण त्याची वाफ झाकणाला लागून पुन्हा खाली उतरते. एका वेळेस एका माणसाला 40 ते 50 ग्रॅम पुरतो. दूध किंवा दही खायच्या वेळीच घालावे, आणि डब्यातून काढताना चमचा कोरडा असावा.