स्ट्रीमर की डॅकचाच नेटवर्क प्लेअर? तुलना करताना या चुका टाळा

वेगळा स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणी वाजवणारं यंत्र) घ्यावा की डॅकमधला (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणाऱ्या यंत्रातला) तेच काम करणारा नेटवर्क प्लेअर पुरे, हे विचारणाऱ्या बहुतेकांनी दोन्ही ऐकलेले असतात. निकालही ठरलेला असतो. चुकलेली असते ती ऐकायची पद्धत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन्हींच्या आवाजाची पातळी न जुळवणं. 1 डेसिबलची वाढ 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही, ती 'मोकळा', 'खोल' अशी भासते. आमच्या एका स्नेह्यांनी नवा स्ट्रीमर यूएसबीने आपल्या डॅकला जोडला आणि तानपुऱ्याच्या जवारीपासून तबल्याच्या चाटेपर्यंत सगळं उजळलं म्हणाले. मी स्पीकरच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावून 100 हर्ट्झचा टोन वाजवला. स्ट्रीमरवरून 2.24 व्होल्ट, डॅकच्या प्लेअरवरून 2.00. म्हणजे जवळजवळ 1 डेसिबल! डॅकच्या ॲपमधला व्हॉल्यूम पूर्ण वर नव्हता, एवढंच. तो जुळवला, अदलाबदल करायला मुलाला बसवलं, तर कुठला कोण हे त्यांना सांगता येईना. तोवर पैसे देऊन झाले होते.

मी 2.00 ला 1.98 पर्यंतचा फरक चालवून घेतो, त्याहून जास्त नाही. टोन 100 हर्ट्झचाच घ्या. स्वस्त मीटर 1000 हर्ट्झला भरवशाचे नसतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाई असलेले नेमकं हेच टाळतात आणि मग हजारो रुपये घालतात.

दुसरी चूक, दोन बाजूंना दोन वेगळी रेकॉर्डिंग. एकीकडे रीमास्टर, दुसरीकडे जुनी आवृत्ती. किंवा एका ॲपमध्ये नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज आपोआप एका पातळीवर आणणं) चालू, दुसऱ्यात बंद. स्पॉटिफायमध्ये ते मुळातच चालू असतं. एकच फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी केलेली) फाइल दोन्हीकडून वाजवा. ब्लूटूथ तर या तुलनेत आणूच नका.

जोडणीही बघा. असिंक्रोनस यूएसबीत (यात डॅक स्वतःच्या गतीने डेटा मागून घेतो) आवाजाचे नमुने वाजायची गती डॅकचं घड्याळ ठरवतं, त्यामुळे स्ट्रीमरच्या महागड्या घड्याळाची जाहिरात तिथे फारशी लागू पडत नाही. कोॲक्सियल केबलमध्ये मात्र डॅकला घड्याळ सिग्नल पाठवणाऱ्या यंत्राकडून मिळतं.

यूएसबी लावल्यावर गुणगुण आली तर बहुधा ग्राउंड लूप (जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको तो प्रवाह) असतो. ऑप्टिकल केबल लावून बघा, त्यात विजेची जोडणीच नसते. थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढायचा 'उपाय' कोणी सांगितला तर ऐकू नका. तो जिवावर बेतू शकतो.

आणि गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडता वाजणं, तपासा. आलाप एका ट्रॅकवर, बंदिश पुढच्यावर, अशी मैफल लावा. यूपीएनपीवर (घरच्या नेटवर्कवरून ॲपने प्लेअर चालवायची पद्धत) ॲप आणि प्लेअर दोघांनाही गॅपलेस जमावं लागतं, नाहीतर समेच्या तोंडावर खंड पडतो. डॅकच्या प्लेअरला हे जमत नसेल किंवा त्याचं ॲप रोज अडकत असेल, तर स्ट्रीमर खुशाल घ्या.